तू हो पुढं

धावणारी बाई दिसली की आमच्याकडं गाडी थांबते. नसरापूरहून वेल्ह्याला जाणाऱ्या रस्त्यावर तुम्ही बाई असाल आणि धावत असाल, तर त्याचा अर्थ एकच: तुमची एस.टी. चुकली. टेम्पोवाला ब्रेक मारतो, दूधवाला मोटरसायकल हळू करतो, आणि एखादा भला ड्रायव्हर तर अख्खी एस.टी. कडेला घेऊन विचारतो, "बसा ताई, चुकली का गाडी?" त्यात वाईट काही नसतं, माणुसकीच असते. आणि ती बाई लंगडत धावत असेल, तर मग विचारायलाच नको.

हौसासाठी ह्या रस्त्यावर जेवढ्या गाड्या थांबल्या तेवढ्या एखाद्या मंत्र्यासाठीही थांबल्या नसतील. ती प्रत्येकाला एकच सांगायची, "न्हाई ओ. तुमी व्हा पुढं, मी आले."

मी हे कौतुकानं लिहितेय असं समजू नका. कौतुक करायला तिचं मार्गासनी गाव आहे. मला तिचा मत्सर वाटत आला, शाळेपासून आजपर्यंत. बऱ्या घरात त्याला हेवा म्हणतात. पण हेवा जरा सोज्वळ शब्द आहे, माझ्या पोटात जे होतं ते तसलं नव्हतं.

आम्ही नसरापूरच्या शाळेत एका वर्गात होतो. ती वरव्याहून चालत यायची. हौसा हे तिच्या आजीचं नाव, आजी गेली त्याच वर्षी ही झाली म्हणून ठेवलेलं. आमच्या वर्गात सगळ्या स्वाती, मनीषा, वैशाली, आणि मधेच ही हौसाबाई. पोरं तिला चिडवायची, तिला त्याचं काही नसायचं. माझं नाव विजया. आठवीपासून दहावीपर्यंत विजयाचा नंबर दुसरा. पी.टी.चे सर निकाल वाचताना दरवर्षी तोच विनोद करायचे, "पहिली हौसा, दुसरी विजया. हौसेला मोल नाही बाबा." सगळं मैदान हसायचं. हौसापण हसायची. मी पायातल्या कापडी बुटांची नाडी सोडून परत बांधायची.

लांब पल्ल्याच्या शर्यतीत मैदानाच्या सात फेऱ्या असायच्या. हौसा अनवाणी, अंगठे मुठीत आत दाबून धरलेले, वेणी फ्रॉकच्या गळ्यात कोंबलेली. चार फेऱ्या आम्ही बरोबरीनं काढायचो. पाचव्या फेरीला ती माझ्याकडं बघून म्हणायची, "तू हो पुढं, विजे. मी आले." मग मी जिवाच्या आकांतानं पुढं व्हायची. सहावी फेरी माझी. सातव्या फेरीत माझ्या डाव्या बाजूनं तिची वेणी दिसायची आणि मग पाठ दिसायची.

तीन वर्षं मला वाटत होतं की ती मला खिजवते. दहावीच्या सेंड-ऑफला मी एकदाचं विचारलं. ती गुळशेंगदाणे खात होती. म्हणाली, "खिजवायला कशापायी? तू पुढं असलीस की कुठं बघायचं ते कळतं मला. न्हाईतर मोकळ्या मैदानात म्या बघायचं कशाकडं?" आणि उरलेले शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. मला त्याचा जास्त राग आला. ती खिजवत असती तर निदान आमची बरोबरी तरी झाली असती.

मला मिळालेली दुसऱ्या नंबरची प्रमाणपत्रं मी लॅमिनेट करून घेतली होती. तिच्या पहिल्या नंबरच्या प्रमाणपत्रांची तिनं धाकट्या बहिणीच्या पुस्तकांना कव्हरं घातली. कागद जाड होता म्हणे.

पुढं ती लग्न होऊन मार्गासनीला गेली. मी भोरला कॉलेज केलं आणि वेल्ह्याच्या एका शाळेत क्लार्क म्हणून लागले. माझं सासर नसरापुरातच. रोज सकाळी वेल्ह्याची एस.टी., संध्याकाळी परत. मार्गासनी वाटेतच. कधी ती शेतात वाकलेली दिसायची, कधी डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्त्याच्या कडेनं जाताना. दोन पोरं, सासू, भाताचं शेत. आता आपण दोघी सारख्याच, असं मला वाटायचं, आणि बरं वाटायचं. मग एका वर्षी कळलं, की गावातल्या पोलीसभरतीच्या पोरांबरोबर ती पहाटे धावते आणि त्यातल्या निम्म्या पोरांना मागं टाकते. तो दिवस माझा वाईट गेला.

त्याच वर्षी भाताच्या लावणीत तिचा पाय गेला. पडली नाही, ठेचकाळली नाही. डावा पाय गुडघाभर चिखलात रुतलेला आणि मागून कुणीतरी रोपांची मूठ मागितली म्हणून ती वळली. अंग वळलं, पाय चिखलातच राहिला. डॉक्टर त्याला लिगामेंट म्हणाले, तिची सासू म्हणाली, गुडघ्यातली दोरी तुटली. "दोरी तुटल्यावं जनावर पळतं," म्हातारी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्या हिची उलटीच तऱ्हा." आधी महिनाभर कुणा वैदूचा लेप आणि पट्ट्या झाल्या, मग पुण्याला ऑपरेशन. पण मधल्या काळात पाय आखडला तो आखडलाच.

मी बिस्किटांचे दोन पुडे घेऊन बघायला गेले. ती भिंतीला टेकून बसलेली, पाय गोधडीवर. खरं सांगते, तो वाळलेला पाय बघून मला हलकं वाटलं. तोंडानं मी "अगं बाई, असं कसं झालं" म्हणत होते आणि आत कुणीतरी हुश्श करत होतं. तिचा नवरा म्हणाला, "डॉक्टर म्हनले, पेशंट चालंल, पर पळायचं इसरा."

"चालंल म्हनले ना?" हौसा म्हणाली. "मग झालं की. चालंल."

नवरा हसला, सासू हसली. मला वाटलं, 'पळायचं इसरा' हे ह्या बाईला खरंच ऐकू आलं नाही काय. निघताना तिनं विचारलं, "विजे, तू धावतीस का गं अजून?" मी नाही म्हणाले. तिथून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून शाळेच्या मैदानावर धावायला सुरुवात केली. सोळा-सतरा वर्षांनी. ती बसली होती ना आता.

दिवाळीनंतरची गोष्ट. एस.टी. मार्गासनी सोडून विंझरच्या बाजूला लागली आणि मला खिडकीतून हौसा दिसली. ती धावत होती. धावणं म्हणजे काय, उजवा पाय नीट पडायचा आणि डावा बाहेरून फेरा मारून यायचा, दाराला बिजागरी कमी असली की ते येतं तसा. अंगठे मात्र मुठीत. एका लाईटच्या पोलापासून दुसऱ्या पोलापर्यंत आली आणि पोलाला धरून उभी राहिली. पुढच्या आठवड्यात दोन पोल. मग तीन. तिचं सगळं माप पोलांचं. कुणी विचारलं तर सांगायची, "औंदा शिमग्यापातूर चाळीस पोल करायचेत." मीपण नकळत खिडकीतून पोल मोजायला लागले. आज किती झाले. कालच्यापेक्षा एक जास्त. शाळेत पोचेपर्यंत माझं डोकं उठलेलं असायचं.

तिच्या वाटेत पाय जेवढा आडवा आला नाही तेवढी गावची माणुसकी आडवी आली. दर दोन पोलांना एक गाडी थांबायची. थांबलेल्याला उत्तर द्यायचं म्हणजे दम तुटायचा. आमच्याच एस.टी.चा ड्रायव्हर तिला तीनदा विचारून झाला होता. शेवटी तिनं एक युक्ती काढली, आणि ती मला कळली तेव्हा भर एस.टी.त मी एकटीच हसले. ती हातात पाण्याचा डबा घेऊन धावायला लागली.

आता घरोघरी संडास झालेत. पण सकाळच्या वेळी हातात डबा घेऊन लगबगीनं निघालेल्या बाईकडं अजून कुणी मान वर करून बघत नाही, हाक मारणं तर दूरच. टेम्पोवाले समोर बघून निघून जायचे. आमच्या एस.टी.तले म्हातारे दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून डोंगर बघायचे. हौसा मधून आरामात धावत जायची, आणि पोलाशी थांबली की डब्यातलं पाणी प्यायची. एकदा ते कंडक्टरनं बघितलं, दिवसभर त्याला जेवण गेलं नसेल.

चाळीस पोल झाले, साठ झाले. दोन वर्षं गेली. मी नसरापूरच्या मैदानावर गोल गोल धावत होते, पुण्याहून आणलेले बूट घालून, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ लावून. मग एका मंडळानं महिलांची शर्यत ठेवली, खुला गट, आठ किलोमीटर. बॅनरवर अर्थातच "भव्य मॅरेथॉन". आंबवणे गावाच्या पुढून सुरुवात, मार्गासनीच्या शाळेच्या पटांगणात शेवट. मी नाव दिलं. हौसानं दिलंय हे मला तिथं गेल्यावर कळलं.

नणंदेची ढगळ सलवार, पायात साधे कॅनव्हासचे बूट. मला बघून तिला खरोखर आनंद झाला. "बरं झालं आलीस. म्या म्हनलं, आता बघायचं कशाकडं." मग हात उघडे करून दाखवले, "आज डबा न्हाई. गाड्या बंद ठेवनारेत म्हनं." गाड्या कुणी बंद ठेवल्या नव्हत्या.

पहिले तीन किलोमीटर मी पुढं होते. मागून तिचा आवाज यायचा, एक पाऊल टप्प आणि एक पाऊल घासत. मधल्या चढाला ती बरोबरीनं आली. घामानं निथळत होती, डावा गुडघा सुजलेला सलवारीतून कळत होता. म्हणाली, "तू हो पुढं, विजे. मी आले." मी चांगली पस्तीस वर्षांची बाई, पण सातवी फेरी आठवली, आणि मी पळत सुटले. काही उपयोग झाला नाही. दोन किलोमीटर राहिले असताना माझ्या डावीकडून ती पुढं गेली. तसल्या पायानं. मला रडू आलं आणि ते मी रागानं गिळलं.

ती माझ्या पुढं पन्नासेक पावलं असेल. बाकीच्या पोरी बऱ्याच मागं. पुढं रस्त्याला मोड होता. मागून दुधाचा टेम्पो आला, तो तिच्या गावच्या बबनचा. त्यानं टेम्पो हळू केला आणि तिच्या बरोबरीनं चालवायला लागला. मला सगळं ऐकू येत होतं.

"वैनी, आवो गुडघा बघा. बसा, मोडाच्या पल्याड सोडतो."

"न्हाई रं बबन. हो तू पुढं."

"कुनी बघत न्हाई हितं."

"विजी बघती की मागं. तिला इचार, बसती का." असं म्हणून तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि हसली. बबन मान हलवून निघून गेला. ती मोडावरून वळून दिसेनाशी झाली.

ती पहिली आली. मी दुसरी. पटांगणात मार्गासनीचं सगळं गाव लोटलं होतं, तिची सासू पदरानं डोळे पुसत होती. आणि तेवढ्यात तिसऱ्या आलेल्या पोरीचा मामा पंचांच्या टेबलापाशी आला. भोरहून आलेला, मोटरसायकलवरून भाचीच्या मागं होता. त्याचं म्हणणं, मोडाच्या अलीकडं टेम्पो हळू झाला आणि नंतर लंगडी बाई रस्त्यावर दिसलीच नाही. ती टेम्पोत बसली. बबनला विचारू, असं गावकरी म्हणाले, तर मामा म्हणाला, तो त्यांच्याच गावचा, तो काय दुसरं सांगणार.

पंच एक रिटायर्ड मास्तर होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला बोलावलं. "मॅडम, तुम्ही लगेच मागं होतात. तुम्ही शाळेत नोकरीला, तुमच्या शब्दावर आम्ही जाऊ. ह्या बाई टेम्पोत बसल्या का?"

"नाही" एवढंच म्हणायचं होतं. टेबलावर तीन ढाली मांडून ठेवल्या होत्या, मोठी, मधली, लहान. मधलीकडं बघूनच मला कंटाळा आला. हौसा शेजारी उभी होती, अगदी निवांत. तिला माहीत होतं मी बघितलंय, मी ऐकलंय. तिनं तर माझं नावच घेतलं होतं.

मी म्हणाले, "मोड होता, सर. माझं लक्ष नव्हतं."

हौसानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. आपण एखाद्या ओळखीच्या दारावर थाप मारावी आणि दार दुसऱ्याच कुणी उघडावं, तसं.

मास्तर दुसऱ्या लोकांशी कुजबुजले. शंका आहे म्हणाले, तर नंबर देता येत नाही. पण बाईंची जिद्द बघता त्यांना उत्तेजनार्थ बक्षीस देऊ. बबन भांडायला उठला, तिच्या नवऱ्यानं त्याला धरून बसवलं. उत्तेजनार्थ म्हणून होता झाकणाचा स्टीलचा डबा. हौसाला तो लांबूनच दिसला आणि ती चक्क हसली. "बघा, डबाच न्हवता आज म्हनून एवढं झालं," ती सासूला म्हणाली.

माईकवर माझं नाव पुकारलं. पहिला क्रमांक. आयुष्यात पहिल्यांदा. मी खाली वाकून बुटाची नाडी सोडली आणि परत बांधायला लागले. मागून हौसानं माझ्या पाठीला हात लावला. "जा की विजे, बोलावत्यात. तू हो पुढं, मी आले."

ती मोठी ढाल माझ्या शोकेसमध्ये आहे. नवरा दर दसऱ्याला पुसतो आणि पाहुण्यांना दाखवतो. मी त्या दिवसापासून धावले नाही. बूट कपाटावर टाकले, घड्याळ मुलीला दिलं. कुणी विचारलं तर सांगते, वेळ मिळत नाही.

आणि हौसा? मला वाटलं होतं, आता तरी ही बसेल. पंचक्रोशीत नाव झालं होतं तिचं, टेम्पोत बसून पहिली आलेली. पण पुढच्या सोमवारी माझी एस.टी. मार्गासनी सोडून गेली तर ती रस्त्यावर होतीच. फक्त हातात डबा नव्हता. नंतरही कधी दिसला नाही. नसरापूरच्या बाजारात एकदा तिच्या सासूची गाठ पडली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, डबा का सोडला. म्हातारी म्हणाली, "ती म्हनती, गाडी थांबली तर थांबू द्या. म्या न्हाई म्हनलेलं चार लोकांनी ऐकू द्या." आणि माझ्याकडं बघत राहिली. मी कोथिंबिरीचा भाव विचारला.

तेव्हापासून रोज सकाळी तेच. कुणीतरी थांबायचं, ती मोठ्यानं, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं "न्हाई" म्हणायची. खिडकीत बसून मी ऐकायची. मला वाटायचं, हिनं मला एकदा शिव्या घालाव्यात, घरी येऊन तमाशा करावा, ढाल मागावी. तिनं काहीच मागितलं नाही. मी तिचा नंबर घेतला होता, पण धावणं तिच्याकडंच राहिलं होतं, आणि नंतर मला त्याचाच मत्सर वाटायला लागला. काय सांगायचं, असला स्वभाव.

ह्या उन्हाळ्यात माझी भोरला बदली झाली. वेल्ह्याच्या एस.टी.तला शेवटचा दिवस. ड्रायव्हर नवीन होता, ह्या रस्त्याला पहिल्यांदाच आलेला. मार्गासनी सोडली आणि पुढं हौसा दिसली. केस आता कानापाशी पांढरे झालेत, डावा पाय तसाच फेरा घेत येतो. ड्रायव्हरनं गाडी हळू केली आणि तिच्या बरोबरीनं आणली. "चला मावशी, बसा. पाय दुखतोय तुमचा."

"न्हाई," ती मोठ्यानं म्हणाली. "व्हा तुमी पुढं."

"अहो बसा, तिकीट नका काढू."

माझ्या मागच्या सीटवर विंझरचा एक माणूस होता. तो हसून म्हणाला, "आवो बसंल, बसंल. शर्यतीत न्हवती का बसली टेम्पोत."

दोघं-तिघं हसले. मी कधी उभी राहिले मला कळलं नाही. "नाही बसली ती," मी म्हणाले. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मी तिच्या मागं होते. मी बघितलंय. ती टेम्पोत बसली नव्हती."

विंझरचा माणूस खिडकीबाहेर बघायला लागला. कंडक्टर जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्हाला हितं उतरायचंय का?"

मी खिडकीची काच पूर्ण सरकवली. हौसा खालीच होती, गाडीच्या बरोबरीनं. तिनं ऐकलं होतं. थांबली मात्र नव्हती, अंगठे मुठीत, पाय चालूच. तिनं वर माझ्याकडं बघितलं. हसली नाही, रागावलीही नाही. मी वाट बघत राहिले. मला तिच्याकडून काय हवं होतं ते मला माहीत होतं.

"तू हो पुढं, विजे," ती म्हणाली.

ड्रायव्हरनं गाडी टाकली. मी मागच्या काचेतून सात पोल मोजले, ती दिसत होती तोवर. ह्या वेळी "मी आले" म्हणाली नव्हती.